वर्दीची जातपंचायत



सैन्याबद्दल बोलायचं म्हटलं की आधी आपल्याच वस्तीत कुजबुज सुरू होते. ‘जवानांवर लिहू नका रे. पोरं आपलीच आहेत तिथं.’ खरंय. आपलीच आहेत. या वर्दीसाठी आपल्या बापजाद्यांनी अर्ज खरडले. गेल्याच्या गेल्या शतकाच्या शेवटी इंग्रजाने महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी दाद मागितली. पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी मागितली. सुभेदार रामजींच्या पोराने, बाबासाहेबांनी, रेटा लावला आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. ज्याला गाव चावडीची पायरी चढू देत नव्हतं तो अंगावर वर्दी घालून सुट्टीला आला, तेव्हा पाटलाला त्याच्याकडे मान वर करून बघावं लागलं. वर्दीची किंमत आम्हाला कुणी शिकवू नये.

आणि म्हणूनच हा सवाल आम्हीच विचारणार. वर्दी घालून बाईवर हात टाकणाऱ्याचा न्याय या देशात कोण करतं?

बऱ्याचदा त्याच्याच घरचे करतात. किंवा कुणीच करत नाही.

कायदा जरा उलगडून बघू. कायद्याचं नाव काढलं की झोप येते हे आम्हाला माहीत आहे. पण आपल्याला झोप यावी म्हणूनच कायदा तसा लिहिलेला असतो. १९५० चा आर्मी ॲक्ट म्हणतो, सैनिकाने सैन्याबाहेरच्या माणसाचा खून केला किंवा सैन्याबाहेरच्या बाईवर बलात्कार केला तर कोर्ट-मार्शल चालणार नाही, खटला साध्या कोर्टात जाईल. ऐकायला बरं वाटतं. पण लगेच पुढं शेपूट आहे. सैनिक ‘सक्रिय सेवेत’ असेल, देशाबाहेर असेल, किंवा सरकारने ठरवलेल्या सीमेवरच्या ठाण्यावर असेल, तर कोर्ट-मार्शल चालेल. म्हणजे जिथं हातात बंदूक आहे आणि समोर निःशस्त्र बाई आहे, नेमकी तिथंच सूट! दोन्ही कोर्टांत खटला चालू शकत असेल तर तो कुठं चालवायचा हे ठरवायचा पहिला हक्क सेनाधिकाऱ्याचा. मुलकी कोर्टाने हट्ट धरलाच तर शेवटचा शब्द केंद्र सरकारचा. आणि कोर्ट-मार्शलने दिलेला निकालही वरच्या अधिकाऱ्याने मंजूर केल्याशिवाय लागू होत नाही.

आता बाई स्वतःच वर्दीत असेल तर? तर वरचं बंधनही नाही. कारण ती ‘सैन्याबाहेरची’ नाही. २०२१ साली कोइंबतूरला हवाई दलाच्या प्रशिक्षण संस्थेत एका महिला अधिकाऱ्याने सहकाऱ्यावर बलात्काराची तक्रार केली. तामिळनाडू पोलिसांनी आरोपीला अटक केली. हवाई दल म्हणालं, आमचा माणूस आहे, आम्ही बघतो. कोर्टाने त्याला कोर्ट-मार्शलसाठी हवाई दलाच्या ताब्यात दिलं. आपली ‘दोन बोटांची’ तपासणी केली असं त्या बाईने सांगितलं होतं. हवाई दलाच्या प्रमुखांनी ते नाकारलं. असली तपासणी बाईच्या इज्जतीवर घाला आहे हे सुप्रीम कोर्टाने २०१३ सालीच सांगून ठेवलं होतं. आरोपी दोषी की निर्दोष, ते आम्ही इथं ठरवत नाही. आमचा सवाल वेगळा आहे. एकाच छावणीतले दोघे. त्यातल्या एकीने दाद बाहेर मागितली, आणि प्रकरण परत आत नेलं गेलं. का?

भावांनो, हे सगळं आपल्याला नवीन आहे का? गावात पाटलाच्या पोराने वस्तीतल्या पोरीचा हात धरला की न्याय कुठं व्हायचा? पाटलाच्याच ओट्यावर. पंच कोण? पाटलाचे भाऊबंद. पोरीच्या बापाने पोलीस ठाण्याचं नाव काढलं की म्हणायचे, गावाची अब्रू वेशीबाहेर कशाला नेतो? गावातलं गावात मिटवू. आज छावणीत तेच वाक्य जरा इस्त्री करून बोलतात, इतकंच. गावाच्या अब्रूच्या जागी दलाची शिस्त आली, दलाचं मनोधैर्य आलं.

कोर्ट-मार्शलने कधी कुणाला शिक्षाच केली नाही असं आम्ही म्हणत नाही. काहींना केली, नोकरीतून काढलं, तुरुंगात धाडलं. जातपंचायतही कधीमधी बरोबर निवाडा द्यायची. पण मेहेरबानी वेगळी आणि हक्क वेगळा. हा फरक आमच्याइतका कुणाला कळणार?

ही झाली एक भिंत. दुसरी भिंत ‘अफ्स्पा’ची. १९४२ साली चले जाव चिरडायला इंग्रजाने एक वटहुकूम काढला होता. इंग्रज गेला, वटहुकमाचा साचा ठेवून गेला. १९५८ साली आपल्या संसदेने त्याच साच्यातून ईशान्येसाठी कायदा पाडला, १९९० साली काश्मीरसाठी. त्यात लिहिलंय की या कायद्याखालच्या कामाबद्दल जवानावर खटला भरायचा तर आधी केंद्र सरकारची परवानगी पाहिजे. ती किती वेळा मिळाली? २०१८ च्या सुरुवातीला सरकारनेच राज्यसभेत सांगितलं: जम्मू-काश्मीरमधल्या ५० प्रकरणांत परवानगी मागितली गेली, ४७ मध्ये नाकारली, ३ पडून आहेत. दिली किती? शून्य.

या शून्याच्या पोटात काय आहे ते बघा. १९९१ च्या फेब्रुवारीत कुपवाडा जिल्ह्यातल्या कुनान आणि पोशपोरा गावांत रात्री झडती झाली. तिथल्या बायांनी सामूहिक बलात्काराची तक्रार केली. प्रेस कौन्सिलच्या पथकाने तक्रारच बनावट ठरवली. तीस वर्षं उलटून गेली, एकालाही शिक्षा नाही. २००४ च्या जुलैत आसाम रायफल्सच्या जवानांनी मणिपुरातल्या एका तरुणीला रात्री घरातून उचललं. सकाळी तिचं गोळ्यांनी चाळण झालेलं प्रेत सापडलं. चारच दिवसांनी इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा बाया, कुणाच्या आया, कुणाच्या आज्या, अंगावरचे कपडे उतरवून उभ्या राहिल्या. भारतीय सैन्यानो, या, आमच्यावर बलात्कार करा, असा फलक धरून. ज्या देशात बाईच्या अब्रूची एवढी बडबड चालते त्याच्या तोंडावर त्यांनी ती अब्रू फेकून मारली. चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल दहा वर्षं दडवून ठेवला.

दिल्लीच्या निर्घृण प्रकारानंतर न्यायमूर्ती वर्मांची समिती बसली. जानेवारी २०१३ मध्ये तिने स्पष्ट सांगितलं, लैंगिक अत्याचार करणाऱ्या वर्दीवाल्यावर साधा फौजदारी कायदा चालवा, परवानगीची अट काढा. सरकारने काय केलं? तैनात असलेल्या भागात सैनिकाने बलात्कार केला तर किमान दहा वर्षं, असं कलम घातलं. आज ते भारतीय न्याय संहितेतही आहे. इतर सरकारी नोकरांसाठी बलात्काराच्या खटल्यात परवानगीची अटही काढली. आणि अफ्स्पातली अट? तिला हात लावला नाही. शिक्षा वाढवली, पण कोर्टाचं दार बंदच ठेवलं.

प्रस्थापित म्हणतील, देशाच्या इज्जतीचा सवाल आहे. हा सवाल आमच्या ओळखीचा आहे. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविशीला, राजा ढालेंनी ‘साधना’त हेच विचारलं होतं, की झेंड्याच्या अपमानाला एवढी शिक्षा, आणि ब्राह्मणगावात विटंबना झालेल्या दलित बाईच्या अपमानाची किंमत किती? तेव्हा अख्खा महाराष्ट्र झेंड्यासाठी खवळला, बाईसाठी नाही. आजही बाई बोलली की म्हणतात, सैन्याची बदनामी होते. अरे, बदनामी गुन्ह्याने होते की तक्रारीने?

मनोधैर्याचं म्हणाल तर अमेरिकेकडे बघा, जिची भाटगिरी तुम्ही रोज करता. २०२० साली टेक्सासच्या फोर्ट हूड तळावर वीस वर्षांच्या एका महिला सैनिकाचा खून झाला, आणि तळावरचा छळ चव्हाट्यावर आला. हजारो बाया बोलल्या. २०२१ च्या डिसेंबरात तिथं कायदा झाला, की लैंगिक अत्याचाराचा खटला चालवायचा की नाही हे आता कमांडर ठरवणार नाही, त्याच्या हाताखाली नसलेले वकील ठरवतील. कॅनडात २०२२ साली माजी न्यायमूर्ती लुईज आर्बर यांनी असले गुन्हे सरळ मुलकी कोर्टांकडे द्या असं सांगितलं. त्यांची सैन्यं काही पळून गेली नाहीत.

आणि कायदे बदलत नाहीत असं कुणी म्हणू नका. आपल्या तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, १९७२ साली एका आदिवासी पोरीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या म्हणे! चार प्राध्यापक-वकिलांनी सुप्रीम कोर्टाला उघडं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा वाकला. जे ठाण्याच्या बाबतीत झालं ते छावणीच्या बाबतीत का होणार नाही?

आमचं म्हणणं असं :

बलात्काराचा आणि लैंगिक अत्याचाराचा खटला, बाई वर्दीतली असो की वर्दीबाहेरची, साध्या कोर्टातच चालला पाहिजे.

अफ्स्पातली परवानगीची अट अशा गुन्ह्यांपुरती तरी आज, ताबडतोब गेली पाहिजे. तो कायदाच जावा ही आमची मागणी आहेच. २००५ साली न्यायमूर्ती जीवन रेड्डी समितीनेही तेच सांगितलं होतं.

तपास त्या दलाबाहेरच्या माणसांनी केला पाहिजे, आणि प्रत्येक टप्प्यावर काय झालं हे त्या बाईला लेखी कळलं पाहिजे.

जाता जाता एक कडू गोष्ट. चळवळीतल्या एखाद्या कार्यकर्त्याबद्दल बाई बोलते, तेव्हा आपण काय म्हणतो? ‘चळवळीची बदनामी नको. आपसात बघू.’ म्हणतो की नाही? मग आपलीही पंचायतच झाली. छावणीला जे मागतो ते आधी आपल्या शाखेत लागू करा. नाहीतर हा अंक चहा गाळायला घ्या.

सुट्टीवर आलेला आपला फौजी भाऊ हे वाचेल. त्याला राग येईल. येऊ दे. दादा, तुझ्या वर्दीवर आम्ही थुंकत नाही. तुझ्या शेजारच्या खाटेवरचा माणूस तुझ्याच वर्दीआड लपतो, त्याला बाहेर काढा म्हणतोय. तू कुणाच्या बाजूनं उभा राहणार?

जय भीम!