गोळ्यांचा हिशेब आणि रक्ताचा हिशेब

एचआयव्हीची बाधा झाल्यानंतर आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. परंतु बाधा होऊच नये म्हणून निरोगी व्यक्तीने घ्यावयाची गोळीही उपलब्ध आहे, याची चर्चा आपल्या घरांतून सहसा होत नाही. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन या दोन औषधांच्या संयुक्त गोळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली प्रौढांसाठी, तर २०१८ साली किमान ३५ किलो वजनाच्या किशोरवयीनांसाठी मान्यता दिली. विषाणू पेशीत शिरल्यावर स्वतःची प्रत काढू लागतो. ती क्रिया हे औषध रोखते. अट एकच, विषाणू शरीरात येईल त्या क्षणी औषध तेथे आधीच हजर असले पाहिजे. म्हणून रोज एक गोळी, नागा न करता.

ही अट तरुण मुलींना किती जड जाते, याचा सर्वांत बोलका अनुभव दक्षिण आफ्रिकेचा आहे. तेथे किशोरवयीन मुली व तरुण स्त्रिया यांच्यातील नव्या बाधेचे प्रमाण त्याच वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक आहे. क्वाझुलू-नाताळ प्रांतात विषाणूच्या जनुकीय रचनेवरून झालेल्या एका अभ्यासात, पंचवीस वर्षांखालील स्त्रियांना ज्यांच्यापासून बाधा झाली असावी असे पुरुष त्यांच्यापेक्षा सरासरी साडेआठ वर्षांहून अधिक मोठे आढळले. मुलीच्या वर्तनाकडे बोट दाखविण्यापूर्वी हा आकडा पाहावा. वयाचे एवढे अंतर असताना निरोध वापरण्याचा आग्रह कोण धरू शकेल, हे निराळे सांगावयास नको.

गांधीजींच्या चरित्रातून मराठी वाचकास परिचित असलेले डर्बन हे याच प्रांतातील शहर. तेथे, तसेच युगांडा व झिम्बाब्वे या देशांत, २००९ ते २०१२ या काळात ‘व्हॉइस’ नावाची मोठी चाचणी झाली. ५,०२९ स्त्रियांपैकी काहींना गोळ्या, तर काहींना योनीत लावावयाचे औषधी जेल देण्यात आले. उरलेले औषध परत आणून द्यावयाचे, ते मोजावयाचे आणि वापराची नोंद करावयाची, अशी पद्धत होती. परत आलेल्या औषधावरून आणि स्त्रियांच्या सांगण्यावरून वापर ९० टक्क्यांच्या आसपास भरला. नंतर साठविलेले रक्त तपासले, तेव्हा औषध सापडले ते ३० टक्के किंवा त्याहून कमी नमुन्यांत! वही जुळली होती, तिजोरी रिकामी होती. औषधाने संरक्षण दिल्याचे या चाचणीत दिसले नाही, आणि वापर सर्वांत कमी होता तो पंचविशीच्या आतील अविवाहित तरुणींचा, म्हणजे ज्यांना धोका सर्वाधिक होता त्यांचाच.

या स्त्रिया खोटे बोलल्या, असे म्हणून विषय मिटवता आला असता. संशोधकांनी तसे केले नाही. त्यांनी काही स्त्रियांना रक्ताचे निष्कर्ष दाखवून, दोषारोप न करता, पुन्हा बोलते केले. तेव्हा खरी कारणे बाहेर आली. या गोळ्या एचआयव्हीच्या उपचारातही वापरल्या जातात. त्यामुळे घरात डबी दिसली की ‘हिलाच रोग आहे’ असा समज होतो. जोडीदाराचा संशय, घरच्यांचा विरोध, दुष्परिणामांची भीती, शिवाय दिलेली गोळी खरी की औषधविरहित हेही माहीत नाही. ज्या वस्तूने संरक्षण द्यावयाचे तीच लपवून ठेवावी लागत असेल, तर तिचा रोजचा नेम टिकणार कसा?

पुढे केप टाउन व जोहान्सबर्ग येथे १५ ते १९ वर्षांच्या १४८ मुलामुलींचा अभ्यास झाला. सुरुवातीस त्यांना दरमहा भेटीस बोलावीत, नंतर तीन महिन्यांनी एकदा. गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी बारा आठवड्यांनी ९२ टक्के जणांच्या रक्तात औषध आढळले. वर्षअखेर चालू ठेवणारेच थोडे उरले होते आणि त्यांच्यातही प्रमाण ५९ टक्क्यांवर आले. वर्षभरात एकालाच बाधा झाली. त्या १९ वर्षांच्या व्यक्तीने निदानापूर्वी २४ आठवडे गोळ्या थांबविल्या होत्या.

दक्षिण आफ्रिकेच्या २००५ च्या बालक कायद्यानुसार बारा वर्षांवरील मूल, पुरेशी समज असल्यास, स्वतःच्या उपचारास संमती देऊ शकते. आपल्याकडील अनेक पालकांना ही तरतूद रुचणार नाही. तथापि जी मुलगी आईला सांगू शकत नाही, ती आईच्या सहीसाठी थांबेल की औषधावाचून राहील, याचा विचार तो कायदा करणाऱ्यांनी केलेला दिसतो.

रोजच्या गोळीला आता पर्याय आला आहे. लेनाकापाव्हिर हे औषध सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या त्वचेखाली टोचतात. दक्षिण आफ्रिका व युगांडा येथील १६ ते २५ वर्षांच्या मुली व तरुणींवरील चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. हे इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही बाधा झाली नाही. जुनी गोळी मिळालेल्या १,०६८ जणींत १६ जणींना झाली. २०२५ च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या इंजेक्शनची शिफारस केली. लपविण्याजोगी डबीच उरली नाही, हा यातील मोठा गुण. अन्य गुप्तरोगांपासून वा गर्भधारणेपासून त्याने संरक्षण मिळत नाही, हेही ध्यानात असावे.

अमेरिकेत या इंजेक्शनची छापील किंमत वर्षास २८,००० डॉलरच्या वर आहे. मूळ कंपनीने १२० देशांसाठी सहा औषध कंपन्यांना उत्पादनाचा परवाना दिला; त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. हैदराबादच्या दोन परवानाधारक कंपन्यांच्या औषधासाठी २०२७ पासून वर्षास सुमारे ४० डॉलर हा दर जाहीर झाला आहे. सुई वर्षातून दोनदाच घ्यावयाची असली, तरी त्या दोन दिवशी आरोग्य केंद्र शाळा सुटल्यावर उघडे असावे लागेल, आणि समोरच्या परिचारिकेने मुलीला ‘तू इथे कशाला?’ असे विचारता कामा नये.