चकाकत्या चाकांचा खर्च कोणाच्या खाती?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शहरातील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या आवारात डोकावले, तर वाहनपूजेची पूर्वतयारी जोरात चाललेली दिसते. बादल्या भरल्या जातात, जुन्या कपड्यांची फडकी निघतात आणि दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ मिरविणाऱ्या मोटारीला नखशिखान्त स्नान घातले जाते. अलीकडे या स्नानविधीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे चाके चकाकविणाऱ्या रसायनाची बाटली. फवारा मारावा, क्षणभर थांबावे, पाणी ओतावे आणि काळवंडलेले चाक लख्ख व्हावे, अशी तिची ख्याती. ही बाटली विकत आणतो गाडीचा मालक. ती हाताळतो मात्र बहुधा पहाटे येऊन एकामागून एक गाड्या पुसून जाणारा मुलगा. त्याच्या पायांत रबरी चप्पल असते, हात उघडे असतात आणि बाटलीवर बारीक इंग्रजी टायपात काय छापले आहे ते मालकानेही वाचलेले नसते.

वस्तुतः चाक धुणे हा एके काळी चर्चेचा विषयच नव्हता. अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या जमान्यात चाक पोलादाचे असे, त्यावर एक झाकण असे आणि ब्रेकची यंत्रणा बहुतांशी बंद ड्रममध्ये दडलेली असे. घर्षणातून निघणारी भुकटी ड्रमच्या आतच राही. पुढे उघड्या तबकडीचे, म्हणजे डिस्क ब्रेक आले आणि त्यांच्यापुढे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची नक्षीदार चाके बसू लागली. तबकडी आणि पॅड यांच्या घर्षणातून सुटणारे लोखंडाचे तप्त कण आता थेट चाकावर येऊन बसतात. खंडाळ्याचा घाट उतरून आलेल्या गाडीचे पुढचे चाक निरखून पाहावे, म्हणजे याची खात्री पटेल. हे कण दमट हवेत गंजतात, चाकाच्या रंगात रुततात, आणि मग साबणाच्या पाण्याने जाणार नाहीत असे तपकिरी डाग तयार होतात. विंधनविहिरीच्या जड पाण्याने गाडी धुणाऱ्यांच्या चाकांवर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात, ते वेगळेच. बाजाराने या अडचणीवर तोड काढली नसती तरच नवल.

ही तोड तीन प्रकारची आहे. पहिला प्रकार आम्लांचा. त्यात फॉस्फोरिक आणि ऑक्झॅलिक आम्लापासून हायड्रोक्लोरिक आम्लापर्यंत आणि क्वचित हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड यांच्यापर्यंत मजल जाते. दुसरा प्रकार कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलींचा. तिसरा प्रकार त्या मानाने सौम्य. त्यातले द्रव्य लोखंडाशी संयोग पावून जांभळे होते, त्याला सडक्या अंड्यासारखा दर्प येतो आणि चाकाच्या रंगाला ते सहसा धक्का लावीत नाही. दुकानाच्या फळीवर मात्र तिन्ही प्रकारांच्या बाटल्या शेजारी शेजारी, सारख्याच दिमाखात उभ्या असतात.

यांतील फ्लोराइडयुक्त साधनांविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण त्यांची रीत इतर आम्लांहून निराळी आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल अंगावर पडले, तर ते तत्काळ झोंबते आणि माणूस पाण्याकडे धावतो. हायड्रोफ्लोरिक आम्लाला रसायनशास्त्र ‘सौम्य आम्ल’ म्हणते. पण या सौम्यपणातच त्याचा कावा आहे. त्याचे रेणू सहजासहजी विघटित होत नाहीत, म्हणूनच ते कातडीवर न थांबता आत उतरतात आणि तेथे फ्लोराइड शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. द्रावण पातळ असेल तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, बोटांत असह्य कळा सुरू होतात. संपर्क मोठा असेल तर रक्तातील कॅल्शियम उतरून हृदयाची लय बिघडण्यापर्यंत प्रकरण जाते. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम आणि रुग्णालयातील उपचार हाच उपाय. परंतु बोट दुखण्याचा संबंध काल धुतलेल्या चाकाशी आहे हे डॉक्टरांना सांगावयाचे कोणी? ज्याला बाटलीत काय होते हेच ठाऊक नाही, तो ते सांगणार तरी कसे?

ही भीती पुस्तकी नव्हे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात मोटारी आणि मालमोटारी धुण्याच्या कामात हायड्रोफ्लोरिक आम्लाने इजा झालेल्या ४८ कामगारांची नोंद सापडली. देश संपन्न, कामगारांना विमा, इजांची नोंद ठेवणारी यंत्रणा शाबूत, म्हणून हा आकडा निदान हाती तरी लागला. आपल्याकडे पहाटे गाड्या पुसणाऱ्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. त्याला मालक एक नसतो, पंधरा असतात. आणि पंधरा मालक असणे म्हणजे जबाबदार असा एकही नसणे होय.

येथे प्रश्न रसायनशास्त्राच्या हद्दीतून अर्थशास्त्राच्या हद्दीत येतो. ए. सी. पिगू या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावतीची मांडणी केली. कारखान्याच्या धुरामुळे शेजाऱ्याचे कपडे काळे होतात, पण धुलाईचा तो खर्च कारखानदाराच्या वहीत चढत नाही. चाकाच्या रसायनाचे गणित अगदी असेच आहे. बाटलीची किंमत मालक देतो, चकाकीचा आनंद मालक घेतो. डोळ्याची, कातडीची आणि बुडालेल्या रोजगाराची किंमत तिसराच कोणी भरतो. जो खर्च स्वतःच्या खिशातून जात नाही, तो वाचविण्याची बुद्धी माणसाला सहसा होत नाही. दोन बाटल्यांतून निवड करताना जी लवकर काम करते तीच उचलली जाते, ती यामुळेच. कारखान्यात हेच आम्ल वापरले जाते, तेव्हा कायदा तेथे निदान दारापर्यंत तरी पोचतो. कामगारांच्या डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमातच करण्यात आली होती. घराचे अंगण म्हणजे कारखाना नव्हे, आणि तसे असूही नये. पण मग कारखान्यातले द्रव्य अंगणात आणणाऱ्याने त्याबरोबर कारखान्यातली शिस्तही आणावयास हवी.

शिस्त आणावयाची तर आधी माहिती हवी, आणि माहितीच्या बाबतीत ग्राहक आणि विक्रेता कधीच समपातळीवर नसतात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की मालाचे गुणदोष फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असतील तर त्या बाजारात चांगल्या मालाला टिकाव धरणे कठीण जाते. जुन्या मोटारी सोडा, त्या पुसण्याच्या बाटलीलाही हे तत्त्व लागू पडावे यात गंमत आहे. ‘अ‍ॅसिड नाही’ एवढे शब्द वाचून ग्राहक निर्धास्त होतो. परंतु आम्ल नाही याचा अर्थ निरुपद्रवी असा होत नाही. तीव्र अल्कली डोळ्यात गेली तर ती आम्लापेक्षाही खोल जाते आणि अधिक नासधूस करते. अ‍ॅल्युमिनियम हा धातूही असा, की त्याला आम्लही खाते आणि अल्कलीही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात आम्लाच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विक्रीची नोंदवही, छायाचित्रासह ओळखपत्र, अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्रीस मनाई, असे दंडक घालून दिले. त्यामागे आम्लहल्ल्यांची भयंकर पार्श्वभूमी होती आणि ते निर्बंध आवश्यकच होते. तथापि हेतुपुरस्सर केलेल्या इजेबद्दल समाजमन जितके जागे झाले, तितके अज्ञानाने होणाऱ्या इजेबद्दल झालेले नाही. रंगीत बाटली, सुगंध आणि झाकणाऐवजी फवारा एवढ्याने आम्लाचे आम्लपण लोकांच्या नजरेआड होते.

इतके असूनही एखाद्याला असे साधन वापरावयाचेच असेल, तर ते वापरण्याची रीत आहे आणि ती फारशी अवघड नाही. पहिली गोष्ट निवडीची. ज्या बाटलीवर घटकद्रव्ये दिलेली नाहीत ती घेऊ नये. हायड्रोफ्लोरिक आम्ल, फ्लोराइड किंवा बायफ्लोराइड यांपैकी कोणताही शब्द दिसला तर ती घरात आणूच नये. याबाबत तडजोडीला जागा नाही. दुसरी गोष्ट वेळेची. प्रवासाहून आलेल्या गाडीची चाके तापलेली असतात. तापलेल्या धातूवर द्रव्य पडले की त्याची वाफ होते आणि उरलेले वाळून डाग पाडते. चाक हाताला गार लागले पाहिजे आणि गाडी सावलीत पाहिजे. परंतु सावली म्हणजे तळघरातील पार्किंग नव्हे. तेथे वाफ कोंडते. तोंडाला रुमाल किंवा करोनाकाळात घरोघरी आलेली मुखपट्टी बांधून वायू अडत नाही, ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते.

हातात मनगटाच्या वर येणारे जाड नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा, पायांत बंद बूट, आणि शेजारी चालू नळ किंवा नळी. एवढी सामग्री हाताशी असल्याखेरीज झाकण उघडू नये. आधी साध्या पाण्याने चाकावरची धूळ धुऊन काढावी. मग एकाच चाकावर, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून, बाटलीवर सांगितले असेल तेवढाच वेळ द्रव्य ठेवावे. ते वाळण्याच्या आत भरपूर पाण्याने धुवावे आणि त्यानंतरच दुसऱ्या चाकाकडे वळावे. पातळ करावयाचे असेल तर पाण्यात द्रव्य ओतावे, द्रव्यात पाणी नव्हे. काम आटोपल्यावर गाडी सावकाश थोडी चालवून ब्रेक दोनचारदा हलकेच दाबावेत, म्हणजे ओल्या तबकड्या कोरड्या होतात.

यांहून मोठा धोका मिसळण्यात आहे. न्हाणीघर घासण्याची पावडर आणि चाकाचे आम्ल एकाच बादलीत आले, तर ब्लिचिंगमधून क्लोरीन वायू सुटतो. जांभळे होणाऱ्या द्रव्यात आम्ल मिसळले तर हायड्रोजन सल्फाइड. उरलेले द्रव्य थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून खिडकीत ठेवण्याची आपल्या घरांतील सवय तर तत्काळ सोडावयास हवी. तहानलेल्या मुलाला लेबल वाचता येत नाही आणि त्या बाटलीला लेबल नसतेच. डोळ्यात शिंतोडा उडालाच तर पापण्या उघड्या धरून १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि मूळ बाटली बरोबर घेऊनच रुग्णालय गाठावे. आम्लावर सोडा चोळण्याचे घरगुती शहाणपण करू नये. पोटात गेले असल्यास उलटी काढू नये. वर येताना तेच द्रव्य अन्ननलिका पुन्हा जाळते.

इतकी वर्षे कोणाला काही झाले नाही, आताच ही भीती कशाला, असे कोणी म्हणेल. काही झाले नाही की काही कळले नाही, याचा निर्णय ज्यांच्या हातांना विचारून करावयाचा ते हात या चर्चेत नसतात. शिवाय केवळ मालकाच्या स्वार्थापुरते पाहिले तरी हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. कडक रसायनाने चाकावरचा पारदर्शक लेप एकदा उठला, की धातू दुधाळ होतो आणि ती दुधी छटा कोणत्याही बाटलीने जात नाही. दर आठवड्याला साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश फिरविला, तर लोखंडाचे कण रुतण्यास अवधीच मिळत नाही. कडक औषधाची गरज पडते ती बहुधा महिनोन्‌महिने केलेल्या आळसानंतर, आणि तो आळस दुसऱ्याच्या हाताने भरून काढण्याची घाई दसऱ्याच्या आदल्या दिवशीच सुचते.

उत्पादकांनी घटक आणि धोक्याच्या सूचना मराठीत, वाचता येईल अशा टायपात छापाव्यात, ही मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे. तोवर गृहनिर्माण संस्थांना करण्यासारखे काम हाताशीच आहे. संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि दसरा बहुधा त्यानंतर येतो. वाहनतळाच्या वादात या सभांचे तासन्‌तास जातात. त्यातली पाच मिनिटे काढून आवारात फ्लोराइडयुक्त रसायन आणावयाचे नाही, तळघरात फवारा मारावयाचा नाही आणि गाड्या पुसणाऱ्यांसाठी हातमोजे व चष्मे संस्थेच्या खर्चाने ठेवावयाचे, एवढा ठराव सहज मंजूर होऊ शकेल. त्याचा खर्च सर्व गाडीमालकांत वाटून देखभाल शुल्कात धरला, तर प्रत्येकाच्या वाट्याला एका बाटलीच्या किमतीइतकीही रक्कम येणार नाही.