मुस्तफाला कोण निवडणार?

‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ हा निन्टेन्डोचा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. वेगवेगळ्या व्हिडिओ गेममधली पात्रं एका आखाड्यात उतरवायची आणि त्यांची मारामारी लावायची, एवढंच त्यात आहे. २०१८ साली आलेल्या ‘अल्टिमेट’ या आवृत्तीत पुढे भर पडत पडत ऐंशीच्या वर लढवय्ये झाले. पण खेळापेक्षा मोठी मारामारी बाहेर चालते. कोणाला घ्यायला हवं होतं, कोणाला उगाच घेतलं, कोणाची लायकी आहे, कोणाची नाही. आपल्याकडे क्रिकेटचा संघ जाहीर झाल्यावर पानाच्या टपरीवर जे होतं, तेच जगभरची पोरं या खेळावरून करतात. मीही करतो. वय विचारू नका.

या वादात ‘लायकी’ मोजायची ठरलेली मापं आहेत. पात्राचा इतिहास मोठा हवा, त्याचा खेळ खपलेला हवा, त्याच्याकडे स्वतःचे डाव हवेत आणि लोकांची मागणी हवी. ऐकायला सगळं रास्त आहे. २०१५ साली निन्टेन्डोने खेळाडूंची मतंसुद्धा मागवली होती आणि त्यात सर्वात वर असलेला सोरा २०२१ मध्ये शेवटचा लढवय्या म्हणून आलाही. म्हणजे कारभार अगदी लोकशाहीचा. पण याच खेळात कुंडीतलं एक मांसाहारी रोपटंही लढवय्या आहे. खरंच. मारिओच्या खेळातलं पाइपमधून डोकं काढणारं ते झाड, कुंडीसकट उड्या मारत लढतं. मला ते आवडतं. माझं म्हणणं इतकंच की ज्या दारातून झाडाला आत घेतलं, त्या दारावर उभं राहून ‘तुमच्या माणसाकडे पुरेसे डाव नाहीत’ असं कोणी सांगू नये.

आता आमचा माणूस म्हणजे कोण? मुस्लिम जगातून आलेलं किंवा त्या रंगात रंगवलेलं पात्र या खेळात शोधायचं तर पहिला सापडतो गॅनॉनडॉर्फ. ‘झेल्डा’ या मालिकेतला खलनायक, वाळवंटातल्या गेरुडो नावाच्या टोळीचा राजा, चोरांचा सरदार. १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये या टोळीचं चिन्ह काय होतं? चंद्रकोर आणि तारा. त्याच खेळातल्या एका मंदिराच्या संगीतात इस्लामी पठणाचा आवाज वापरला होता. पुढच्या आवृत्त्यांमध्ये आवाज काढला, चिन्ह बदललं. चांगलं केलं. टोळी मात्र वाळवंटातलीच राहिली आणि राजा खलनायकच राहिला. हा गृहस्थ २००१ पासून ‘स्मॅश’मध्ये आहे, आणि गंमत अशी की तेव्हा त्याला स्वतःचे डावही दिले नव्हते. कॅप्टन फाल्कन या दुसऱ्याच पात्राचे डाव थोडे संथ करून त्याच्या अंगावर चढवले. डावांची अट तेव्हा कुठे गेली होती?

दुसरा अल्तायर. ‘असॅसिन्स क्रीड’चा पहिला नायक. ११९१ सालचं शाम, तिसरं धर्मयुद्ध, दमिश्क आणि जेरुसलेमच्या गच्च्यांवरून पळणारा, मुसलमान बापाचा मुलगा. २००७ साली आलेल्या त्या खेळावर एक अख्खं साम्राज्य उभं राहिलं. त्याला ‘स्मॅश’मध्ये जागा मिळाली ती २०२० मध्ये, पोशाख म्हणून. मी नावाचे जे बाहुले असतात, त्यांना विकत घेऊन घालायचे कपडे. (‘मी’ हे त्या बाहुल्यांचं नाव आहे, मी नव्हे.) माणूस बाहेर, झगा आत. अरबी गोष्टींच्या वळणाची अर्धी जिन असलेली शांते हिचंही २०२१ मध्ये तेच झालं. आणि अल्तायरचा वारसदार, त्याच मालिकेतला इटालियन एझिओ? तो २०१२ सालीच ‘सोलकॅलिबर ५’ या दुसऱ्या मारामारीच्या खेळात पाहुणा लढवय्या म्हणून स्वतःच्या हातापायांनिशी उतरला होता. खेळ वेगळा, कंपनी वेगळी, हे मला कळतं. कोणी बसून कट केला असंही मी म्हणत नाही. कट लागतच नाही. ‘हा नायक दिसतो, हा पोशाखासारखा दिसतो’ हे आपोआप होतं, हीच तर अडचण आहे.

इथे आमच्यातले काहीजण म्हणतील, मग आपण आपली पात्रं आणू, आता पैसा आहे. आहेच. ‘किंग ऑफ फायटर्स’ आणि ‘फेटल फ्युरी’ बनवणारी जपानी कंपनी एसएनके आज जवळजवळ पूर्णपणे सौदी युवराजांच्या मिस्क फाउंडेशनच्या मालकीची आहे. २०२२ मध्ये त्यांचा हिस्सा ९६ टक्क्यांवर गेला. या मालकीखाली २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘फेटल फ्युरी : सिटी ऑफ द वुल्व्ज’ आला. त्यात ‘स्ट्रीट फायटर’मधून केन आणि चुन-ली पाहुणे म्हणून येणार हे जाहीर झालं, ते समजण्यासारखं आहे, जुने शेजारी आहेत. पण सुरुवातीपासूनच्या लढवय्यांत कोण? क्रिस्तियानो रोनाल्डो. फुटबॉलवाला, सौदी क्लबकडून खेळणारा. लाथांऐवजी फुटबॉल मारतो. जुने चाहते कपाळाला हात लावून बसले आणि त्यांचं बरोबर होतं. तिजोरीची किल्ली हातात आल्यावर मुस्लिम पैशाने काय विकत घेतलं, तर पोर्तुगालचा एक फुटबॉलपटू! याला प्रतिनिधित्व म्हणत असाल तर कमाल आहे.

याउलट, त्या खरेदीच्या आधी, २०१८ मध्ये, ‘किंग ऑफ फायटर्स १४’ मध्ये नज्द आली होती. सौदी डिझायनरांच्या स्पर्धेतून निवडलेली, अबाया घालून लढणारी. आणि त्याही आधी, २०१५ मध्ये, ‘टेक्केन ७’ मध्ये शाहीन. टेक्केनचे प्रमुख हारादा यांनी त्याचं पहिलं चित्र अरब खेळाडूंपुढे ठेवून विचारलं होतं की चुकतंय का काही. मग सुधारलं. शाहीन ‘टेक्केन ८’ मध्येही टिकला, कारण लोकांना तो खेळायला आवडला. हे दोघे मला मान्य आहेत. पण खरं सांगू? या दोघांनाही बनवताना त्यांचं मुसलमान असणं आधी ठरलं, बाकी नंतर. डोक्यावर गुत्रा, अंगावर अबाया, म्हणजे लांबून ओळख पटावी. शेजारी १९९१ चा धालसिम ठेवा. भारतीय म्हणून योगी, योगी म्हणून गळ्यात कवट्या आणि तोंडातून आग. आपण सगळे भारतीय त्याच्यावर हसलो आणि थोडे ओशाळलोही.

आणि आता माझा उमेदवार. मुस्तफा.

तुमच्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात गेमच्या दुकानात नाणी उडवली असतील, त्यांना पुढचं वाचायची गरज नाही. खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. कॅपकॉम कंपनी, १९९३. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकन कॉमिक्सवरून केलेला. चार पात्रं : जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा कैरो. नायक जॅक. मोटार जॅकची, गोष्ट जॅकची. मुस्तफा त्याचा मित्र. पण आपल्याकडे त्या खेळाला कोणी कॅडिलॅक म्हटलं नाही, डायनासोरही म्हटलं नाही. आख्ख्या देशाने त्याचं नाव ठेवलं ‘मुस्तफा’. ‘मुस्तफा लाव’, ‘मुस्तफाचं मशीन रिकामं आहे का’, ‘मुस्तफा मी घेणार, तू जॅक घे’. हे म्हणणारी पोरं कुलकर्णी होती, कांबळे होती, शेख होती, डिसोझा होती. का, तर तो सर्वात चपळ होता आणि धावत येऊन जी लाथ मारायचा तिला तोड नव्हती. त्याच्या डोक्यावर गुत्रा नव्हता. तो नमाज पढताना दिसत नव्हता. त्याचं फक्त नाव मुस्तफा होतं, आणि त्या नावाला कोणी अडलं नाही.

ज्या राज्यात आज भाड्याचं घर बघायला गेलं की नाव विचारल्यावर ‘मालकांना विचारून कळवतो’ असं उत्तर येतं, तिथे हे सांगायला हवं. मला पडद्यावर स्वतःला बघायची हौस नाही. लाहोरच्या अर्सलान अॅशने २०१९ मध्ये टेक्केनची जगातली मोठी स्पर्धा, इव्हो, जपान आणि अमेरिकेत दोन्हीकडे जिंकली. जपानमध्ये तो ‘आपल्या’ शाहीनला घेऊन नव्हे, काझुमी या जपानी बाईला घेऊन जिंकला. खेळणारा धर्म बघत नाही, हात बसतो ते पात्र घेतो. म्हणून माझी मागणी मुसलमान पोरांसाठी नाहीच मुळी. ती शेजारच्या पोरासाठी आहे. मुस्तफा हे नाव त्याच्या तोंडी बातमीतून येण्याआधी खेळातून यावं, ‘मुस्तफा मी घेणार’ अशा हट्टाने यावं. आमच्या पिढीला ते फुकटात मिळालं होतं. कोणत्याही सलोखा समितीने दिलं नव्हतं.

आता आक्षेप. ‘स्मॅश’चा नियम आहे की पात्र मुळात व्हिडिओ गेममध्ये जन्मलेलं हवं, मुस्तफा कॉमिक्समधला, म्हणून बाद. मान्य. तिथे माझं मत अल्तायरला, या वेळी कपड्यांच्या आत माणसासकट. किंवा २०२४ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन’मधल्या सार्गॉनला. मुस्तफाची जागा कॅपकॉमकडे आहे, आणि तिथे वाट आधीच मळलेली आहे. ‘फायनल फाइट’ हाही असाच रस्त्यावरच्या हाणामारीचा खेळ. त्यातला गाय १९९५ मध्ये ‘स्ट्रीट फायटर अल्फा’त आला, मग ह्यूगो, मग कोडी. महापौर हॅगर तर ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ मध्ये गेला, जिथे निम्मे लढवय्ये कॉमिक्समधलेच असतात. म्हणजे कॉमिक्सचं कारणही तिथे चालत नाही.

उरतो हक्कांचा मुद्दा. पात्रं कॉमिक्सकर्त्याची, मोटारीचं नाव मोटार कंपनीचं. म्हणूनच २०१८ मध्ये कॅपकॉमने जुन्या हाणामारीच्या सात खेळांचा संच काढला तेव्हा त्यात ‘मुस्तफा’ नव्हता. पण मुस्तफाला घ्यायला मोटार लागत नाही. एका पात्रापुरता करार लागतो. रोनाल्डोचा करार यापेक्षा स्वस्त पडला असेल असं मला वाटत नाही.

आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी वेगळाच आक्षेप घेतला : हे पैगंबरांच्या (स.) नावांपैकी एक नाव, ते मारामारीच्या खेळात कशाला? चाचा, ते नाव आपल्या मोहल्ल्यात रिक्षावाल्याचं आहे, दर्ज्याचं आहे, तुमच्या नातवाचंही आहे, आणि तोही शाळेत मारामारी करून येतो. मुस्तफा म्हणजे निवडलेला. तीस वर्षांपूर्वी आपल्याकडच्या पोरांनी चारांतून त्याला निवडलं होतं, खिशातला रुपया टाकून. ‘लोकांची मागणी’ या मापात ते मत कुठे मोजलंय, तेवढं कॅपकॉमने सांगावं.