आयात केलेला गोलकीपर

शालेय फुटबॉल स्पर्धा जवळ आल्या की काही शाळांत नवे चेहरे दिसू लागतात. दुसऱ्या शाळेतला चांगला गोलकीपर फीमाफीच्या बोलीवर दाखल्यासकट आणलेला असतो. दाखला खरा, वयही खरं. पण वर्षभर पहाटे इथे धायरीत मोकळ्या प्लॉटवर सराव केलेला मुलगा बाकावर बसतो, त्याचं काय?

म्हणाल, खेळच तर आहे! तसं नाही मंडळी. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळलं की दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. शाळेचा संघ ही त्या वाटेची पहिली पायरी.

म्हणून शाळा बदलूच नये, असं नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तिथे मुलगा घडवला गेला. ऐनवेळच्या आयातीत मुलगा घडत नाही, शाळेच्या कपाटात ढाल तेवढी येते.

अमेरिकेत अनेक राज्यांत, घर न बदलता शाळा बदलली तर काही काळ मुख्य संघातून खेळता येत नाही. पण ही शिक्षा मुलालाच! गरिबाच्या पोराने फीमाफी घेतली, यात त्याचा काय दोष?

बंधन शाळेवर हवं. संघात नवे खेळाडू दोनच, आणि फीमाफी दहावीपर्यंत लेखी. उद्या गुडघा दुखावला तरी! मग बघा, किती शाळा गोलकीपर आणतात ते.

तुम्हाला काय वाटतं?