आठ बाइटची चिठ्ठी, जगाची वाहतूक

३० ऑगस्ट २०२० रोजी, रविवारी, अमेरिकेतील ‘सेंच्युरीलिंक’ कंपनीच्या जाळ्यात बिघाड झाला आणि अनेक देशांतील संकेतस्थळे सुमारे पाच तास विस्कळीत झाली. या काळात जगातील इंटरनेट वाहतूक ३.५ टक्क्यांनी घटल्याचे ‘क्लाउडफ्लेअर’ने नोंदवले. ना समुद्राखालील केबल तुटली होती, ना कुणी हल्ला चढवला होता. नको असलेली वाहतूक रोखण्यासाठीचा ‘फ्लोस्पेक’ पद्धतीचा एक सदोष नियम कंपनीच्या राउटरांमध्ये पसरला होता.

इंटरनेट हे हजारो स्वतंत्र जाळ्यांचे मिळून बनलेले आहे. कोणता पत्ता कोणत्या वाटेने गाठायचा, हे ही जाळी ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’ अर्थात बीजीपीद्वारे परस्परांना कळवतात. या निरोपाला सूचनांच्या चिठ्ठ्या जोडता येतात. ‘हा मार्ग अमक्या जाळ्याला सांगू नका’, ‘याला दुय्यम माना’, अशा त्या सूचना असतात. १९९६ मध्ये प्रमाणित झालेली मूळ ‘कम्युनिटी’ ४ बाइटची होती. ती अपुरी पडू लागल्याने २००६ मध्ये ८ बाइटची ‘एक्स्टेंडेड कम्युनिटी’ आली. चिठ्ठी कोणत्या प्रकारची आहे, हेही तिच्यातच नोंदवलेले असते.

तिचा उपयोग केवळ तंत्रज्ञांपुरता नाही. दूरसंचार कंपनीच्या एकाच जाळ्यावरून दोन बँकांच्या खासगी जोडण्या जात असतील, तर कोणता मार्ग कोणत्या बँकेचा, हे ‘राउट टार्गेट’ नावाची अशीच खूण ठरवते. फ्लोस्पेकमध्येही वाहतूक रोखायची की तिचा वेग मर्यादित करायचा, हा आदेश याच चिठ्ठीतून जातो.

सोय आणि धोका दोन्ही येथेच आहेत. एका ठिकाणी दिलेला आदेश काही क्षणांत शेकडो राउटर अमलात आणतात. चूकही त्याच वेगाने पसरते. सेंच्युरीलिंकच्या त्या नियमामुळे बीजीपीच्या जोडण्याच नीट जुळेनात. म्हणजे ज्या वाटेने दुरुस्ती पोहोचायची, तीच वाट बंद झाली. काही ग्राहकांनी या कंपनीशी असलेली जोडणी तोडली, तरी तिचे जाळे त्यांचे जुने मार्ग जगाला सांगतच राहिले.

आरपीकेआय ही सुरक्षा यंत्रणा मार्ग जाहीर करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे तपासते. मार्गासोबतची चिठ्ठी मात्र तपासत नाही. वाटेतील कोणतेही जाळे ती बदलू वा पुसू शकते. २०१७ मध्ये १२ बाइटची ‘लार्ज कम्युनिटी’ आली. तिने जागेची अडचण सोडवली, विश्वासाची नाही.

त्यामुळे बाहेरून आलेल्या चिठ्ठ्या गाळून घेणे, आदेशाची व्याप्ती मर्यादित ठेवणे आणि तो आधी मोजक्या राउटरांवर पडताळणे, ही जबाबदारी प्रत्येक कंपनीवरच येते. तिने त्यात केलेल्या कसुरीची किंमत मात्र तिच्या ग्राहकांपुरती मर्यादित राहत नाही, हाच त्या रविवारचा धडा आहे.