कर्जाची वेस

एप्रिल उजाडला की सरकारचे नवे आर्थिक वर्ष सुरू होते आणि पंधरवड्याच्या आत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती येते. यंदा आम्हाला त्यांच्यातल्या अर्थतज्ज्ञाची आठवण अधिक तीव्रतेने होते आहे.

10 ऑगस्ट 1949 रोजी संविधान सभेपुढे सरकारच्या कर्ज काढण्याच्या अधिकाराचे कलम आले. आजचे ते 292वे कलम. संसदेला कायदा करून या कर्जाला मर्यादा घालता येईल, अशी तरतूद त्यात आहे. संसद असा कायदा करील ही नुसती आशा नाही, तशी आपली अपेक्षा आहे, असे बाबासाहेबांनी सभागृहाला बजावले. ती अपेक्षा पुरी व्हायला 2003 साल उजाडावे लागले. वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा झाला, महसुली तूट संपवण्याचे वचन दिले गेले. पण 2018च्या दुरुस्तीत ते उद्दिष्टच गळाले. त्याऐवजी केंद्राचे कर्ज 2024-25 अखेर जीडीपीच्या 40 टक्क्यांवर आणायचे ठरले. ती मुदत मार्च 2025मध्ये उलटली. तेव्हाही कर्ज 56 टक्क्यांच्या आसपास होते. महामारीत उसनवारी करावीच लागली, त्याबद्दल आमची तक्रार नाही. वेस प्रत्येक वेळी पुढे सरकवली जाते, ही तक्रार आहे.

गावातल्या महिला बचत गटाची बैठक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कर्जाची शिस्त वेगळी सांगायला नको. सतरंजीवर दहा-बारा जणी, मध्ये रजिस्टर. एखादीने पाच हजार मागितले की बाकीच्या विचारतात, ‘कशाला हवेत? फेडणार कशातून?’ शेळी घ्यायची असेल तर करडे विकून पैसे येतील, हे सगळ्यांना कळते. किराण्यासाठी मागितले तर नाही म्हणत नाहीत, पण रक्कम कमी करतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतात. रजिस्टरात कारण लिहिल्याशिवाय अंगठा उठत नाही.

हाच प्रश्न महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाला विचारू. 2025-26मध्ये महसुली तूट 45,891 कोटी रुपये धरली होती. म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने भागवायलाही उसने आणावे लागणार होते. राज्यावरचे कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल, असा अंदाज होता. राज्याच्या एकूण उत्पन्नाशी तुलना करता हे प्रमाण 19 टक्क्यांच्या आत होते, इतर अनेक राज्यांपेक्षा बरे होते, असे सरकारने सांगितले आणि ते खरेही होते. पण हप्ता एकूण उत्पन्नातून जात नाही, तिजोरीत जमा झालेल्या करातून जातो. कोयनेच्या प्रकल्पालाही जागतिक बँकेचे कर्ज होते. त्यातून वीज आली, कारखाने चालले, कर्ज फेडण्याची ऐपत वाढली. आजच्या खर्चासाठी घेतलेल्या रुपयाचे ओझे मात्र अशा मुलांवर पडते, ज्यांना अजून मताचा अधिकार नाही.

‘लाडकी बहीण’ योजनेत द्यायचे पंधराशे रुपये देऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. ते कोणत्या करातून द्यायचे, हे सभागृहात उघड सांगा, एवढेच म्हणतो. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात एक पुरा दिवस केवळ कर्जावर चर्चा व्हावी. महामंडळांच्या कर्जाला सरकारने दिलेल्या हमीही त्या दिवशी टेबलावर याव्यात, प्रत्येकीपुढे कारण लिहून.