खुनी सापडला, प्रश्न सुटला काय?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. त्यापूर्वीचा परभणीचा इतिहास हिंगोली, कळमनुरी, वसमत या तालुक्यांचाही इतिहास आहे. त्यातील सर्वांत काळे पान मानवतचे. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात या गावात लहान मुली व स्त्रियांचे एकामागून एक खून पडले. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती यांसाठी दिलेले हे नरबळी होत, असा सरकारी पक्षाचा दावा होता. या प्रकरणावर मराठीत दोन उल्लेखनीय कलाकृती निघाल्या. अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला आणि विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘आक्रीत’ हा चित्रपट १९८१ सालचा. आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका ऑक्टोबर २०२४ मधील.

मालिकेचे गुण प्रथम मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. मुंबईहून मानवतला पाठवलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींच्या पुस्तकावर ती आधारलेली आहे. आशुतोष गोवारीकर यांनी ती भूमिका संयमाने केली आहे. मकरंद अनासपुरे यांच्यासारखा विनोदासाठी ओळखला जाणारा नट येथे अंगावर काटा आणतो. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांचे काम तोलामोलाचे आहे. मारझोड करून कबुलीजबाब मिळवण्यापेक्षा शांतपणे माणसे वाचणारा तपास पडद्यावर दिसावा, ही आजच्या चकमकवेड्या काळात लहान गोष्ट नव्हे.

परंतु रहस्यपट नावाच्या साच्याची एक मर्यादा आहे आणि ती येथे लपत नाही. या साच्यात एकच प्रश्न विचारला जातो: खुनी कोण? उत्तर मिळाले, बेडी पडली, की प्रेक्षक सुखाने झोपी जातो. अधिकारी नायक ठरतो, गाव पार्श्वभूमी होते आणि मेलेल्या मुली केवळ दुवे म्हणून उरतात. ज्या वर्षी हे खून सुरू झाले ते साल १९७२ होते, याचा अर्थ काय? महाराष्ट्रात शतकातील एक भीषण दुष्काळ पडला होता. मराठवाड्यातील बायाबापड्या दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या, सुकडी आणि परदेशातून आलेल्या मिलोवर पोट भरत होत्या. घरातली मोठी माणसे दिवसभर कामावर असताना पोरी एकट्यादुकट्या रानात, विहिरीवर जात. वर्ष उलटले तरी खुनांचे सत्र थांबले नाही, याचे कारण केवळ खुन्यांच्या चलाखीत शोधायचे काय? गरिबाघरच्या मुलीच्या जिवाला शासनयंत्रणेच्या लेखी किंमत किती, हेही त्यातून उघड होते. दुष्काळ हा या कथेचा कणा असायला हवा होता. तो तसा झालेला नाही.

‘आक्रीत’ या बाबतीत अधिक धीट आहे. त्याला खुन्याचे नाव दडवून ठेवण्याची हौस नाही. गावातला पैसेवाला पुरुष आणि त्याच्या आश्रयाला असलेली, वय उतरू लागल्यामुळे धास्तावलेली बाई यांच्या नात्यात तो शिरतो. बाईची असुरक्षितता आणि पुरुषाची हाव एकमेकींना कसे पोसतात, हे तो दाखवतो. तेंडुलकरांच्या लेखणीला हिंसेचे मूळ सत्तेत आहे, हे ठाऊक होते.

तरीही एक धोका दोन्ही कलाकृतींपुढे आहे. या प्रकरणातील प्रमुख आरोपी स्त्री पारधी समाजातील होती. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पारधी त्यांत गोवले गेले. तो कायदा १९५२ साली गेला, संशय मात्र गेला नाही. अशा वेळी पडद्यावर मांत्रिक, बळी आणि पारधी एकत्र आले की प्रेक्षक चटकन निष्कर्ष काढतो: अडाणी जमात, अघोरी चाली. पण जमिनीत पुरलेल्या धनाचे स्वप्न कोणाला पडते? वाड्याला वारस हवा, ही ओढ कोणाची? ज्याच्याकडे वाडाच नाही, त्याला ना पुरलेले धन, ना वारशाची चिंता. मंत्र पालावरचा असेल. हव्यास मालमत्तेचा आहे.

खटल्याचा शेवट तर कोणत्याही रहस्यपटापेक्षा बोलका आहे. ज्यांच्या इच्छेसाठी हे खून झाले असा आरोप होता, ती दोघे वरच्या न्यायालयांत पुराव्याअभावी निर्दोष ठरली. प्रत्यक्ष घाव घातल्याचे ज्यांच्यावर सिद्ध झाले, त्यांतील काहींची फाशी १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला स्वतंत्र दुजोरा हवा, या नियमावर त्या निकालाने भर दिला. या नियमाला समाजवाद्यांनी नाके मुरडू नयेत. उद्या तोच एखाद्या निरपराध पारध्याला किंवा शेतमजुराला वाचवील. मात्र पुराव्याचा कायदा कुऱ्हाडीवरचे रक्त पाहू शकतो. ती कुऱ्हाड विकत मिळण्याइतके दारिद्र्य गावात का होते, हे त्याला पाहता येत नाही. ते पाहणे हे राजकारणाचे काम आहे, आणि कलेचेही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यावरच जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला. मानवतपासून या कायद्यापर्यंत चाळीस वर्षे गेली! म्हणून कार्यकर्त्यांनी या कलाकृती जरूर पाहाव्यात. हिंगोली, वसमतच्या वस्त्यांत आणि पारध्यांच्या पालांवर दाखवाव्यात. पण बेडी पडली की दिवे लावून लोकांना घरी पाठवू नये. चर्चा तेथून सुरू करावी.